बॉयलरच्या मातीची चूल

नेमाण्णाचा कोरड्या वस्तूवर विश्वास नव्हता. पोते उघडायचे तर आधी त्यावर पाणी. जागा झाडायची तर आधी पाणी. भिंतीत खिळा ठोकायचा असला तरी तो ओले बोट लावून तेवढी जागा भिजवून घेई. गिरणीत त्याला पाठीमागे ‘पाणक्या’ म्हणत. पुढ्यात म्हटले असते तरी त्याची हरकत नव्हती. माणसे काय म्हणतात यापेक्षा ती काय झटकतात, याकडे त्याचे लक्ष असे.

माधवनगरच्या एका कापडगिरणीत तो बॉयलरवर फिटर होता आणि मी त्याच गिरणीच्या फाटकावर टाइमकीपर. मी साताऱ्याचा. महायुद्ध चालू होते, नोकऱ्या दुर्मीळ होत्या, म्हणून इतक्या लांब गेलो होतो. तो सांगलीच्या दक्षिणेकडचा, शेतकरी जैन. उंच, काटकुळा, खाकी अर्धी विजार आणि नाकातोंडावर ओला फडका. चेहऱ्याचे डोळे तेवढे दिसत, आणि त्या डोळ्यांत समोरच्या माणसाविषयी कायमची एक शंका असे.

बॉयलरघरातली शिडी रोजचीच होती. तरीही चढण्यापूर्वी तो तिची प्रत्येक पायरी हातोडीने ठोकून पाही. कोणी हसून म्हटले, “कालचीच शिडी हाय की, आण्णा,” तर त्याचे उत्तर ठरलेले असे, “काल ठोकलेली काल.” नव्या माणसाला तो पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवी. नळाच्या सांध्यातून निघणारा पांढरा लोट दाखवून म्हणे, “ही दिसती ती मेलेली वाफ. जित्ती वाफ दिसत न्हाई. तिनं हात कापतोय.” मग तो सांध्याजवळच्या रिकाम्या दिसणाऱ्या हवेत एक काटकी धरी. काटकी थरथरू लागे. नवा माणूस मागे सरके. एवढ्यावर तो धडा संपे.

माझी त्याची ओळख झाली ती चोरीच्या संशयावरून. युद्धामुळे तांबेपितळ मिळेनासे झाले होते. गिरणीतून पितळी तोट्या नाहीशा होत होत्या, आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची झडती घ्यावी असा मॅनेजरसाहेबांचा हुकूम होता. त्याच सुमारास बॉयलर वार्षिक सफाईसाठी थंड केला गेला. त्यानंतर सलग तीन दिवस नेमाण्णा पाणी गळणारे एक पोते खांद्यावर घेऊन फाटकाबाहेर गेला. मी विचारले, तर म्हणाला, “केर.” केर कोणी स्वतःच्या खांद्यावर वाहत नाही, आणि भिजवून तर नाहीच. मी पोत्यात सळई खुपसून पाहिली. काही लागले नाही. संशय गेला नाही. चौथ्या दिवशी मी त्याच्या मागोमाग गेलो.

गिरणीच्या भिंतीपलीकडे बाभळी होत्या आणि त्यांच्याआड मुरूम काढून सोडलेला एक जुना खड्डा होता. तेथे तो फावड्याने खणत होता.

“काय पुरताय, नेमाण्णा?”

तो दचकला नाही. “बॉयलरची माती.”

“माती पुरायला माती उकरता?”

“व्हय.”

“पितळ कुठे आहे?”

“पितळ आसतं तर पुरलं आसतं व्हय? काय बी इचारता, टैमकीपर.” त्याने फावडे माझ्या हातात दिले. “संशय हाय न्हवं? मग उकरा. पर आदी तोंडाला रुमाल बांधा.”

मी रुमाल बांधला नाही. उकरले. आत ओली, पांढरी, केसाळ ढेकळे होती. पितळ नव्हते. मला राग आला. चोर न सापडल्याचा राग फार ओशाळवाणा असतो.

ही माती म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. बॉयलरची आणि त्याच्या नळांची उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून त्यांच्यावर जाड पांढरा लेप चढवीत. त्याचा माल पोत्यांतून पिठासारखा कोरडा येई, आणि त्यात सुतासारखे बारीक तंतू असत. साहेबलोक त्याला ॲस्बेस्टॉस म्हणत, कामगार बॉयलरची माती. ती जळत नसे, तडकत नसे. जुना लेप दरवर्षी उतरवीत, पण उतरवलेला लेप टाकून देण्याची रीत नव्हती. गिरणीमागे कामगारांच्या घरांची लाइन होती. तेथील बायका टोपल्या घेऊन येत आणि ढेकळे घरी नेत. उखळात कुटीत, पीठ वस्त्रगाळ करीत, शेणात आणि चिकणमातीत मळून त्याच्या चुली घालीत. साधी चूल चार महिन्यांत भेगाळते, ही वर्षानुवर्षे टिके. रंग पांढरा. लाइनीत मुलगी पाहायला पाहुणे आले की त्यांना आधी चूल दाखवीत आणि मग मुलगी.

त्या टोपल्या येण्याआधीच नेमाण्णा जमेल तेवढी माती बाहेर काढून पुरीत होता.

“का?” मी विचारले.

“घरी या. अक्का सांगंल.”

नेमाण्णाला बायकोपोर नव्हते. थोरली बहीण चंपाक्का, लहानपणीच विधवा झालेली, त्याच्याजवळ राहत असे. मी गेलो तेव्हा ती चुलीपुढे बसली होती. लाइनीतली सर्वांत देखणी चूल तिचीच होती. संगमरवराची वाटावी अशी. तिने मला ताक दिले आणि खोकली. तो खोकला कोरडा आणि बारीक होता. कल्हई केलेल्या भांड्यावर कोणी वाळू घासावी तसा.

“हा येडा झालाय, टैमकीपर,” ती म्हणाली. “मातीला भेतोय. पयली टोपली कुणी आणली इचारा की त्याला.”

नेमाण्णा उंबऱ्याबाहेर बसला होता. त्याने मान वर केली नाही.

“ह्यानंच आणली. धा-बारा वर्सं झाली. म्हनला, अक्का, ही माती लय चांगली, जळत न्हाई. मी कुटली, मी चाळली, मीच लाइनीतल्या समद्यांस्नी शिकवलं. आन् आता म्हंतोय, हात लावू नगंस.” ती हसली. हसताना तिला पुन्हा खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही.

नंतर चालता चालता त्याने मला उरलेले सांगितले. ज्या वस्तादाजवळ तो हे काम शिकला, तो वस्ताद असाच कोरडा खोकत गेला. वस्तादाचा जोडीदारही तसाच गेला. तोवर त्याला काही वाटले नव्हते. कष्टाची माणसे खोकतातच. पुढे वस्तादाची बायको गेली. तिने गिरणीचे फाटक कधी ओलांडले नव्हते. ती फक्त नवऱ्याचे कपडे रोज अंगणात झटकीत असे.

“तवापास्नं मला संशय हाय,” तो म्हणाला. “पुरावा न्हाई. संशय हाय.”

अक्का वाचावी, एवढेच त्याला हवे होते. आणि ती वाचणार नसेल, तर तिने शिकवलेल्या चुलींपायी लाइनीतली दुसरी बाई तरी जाऊ नये.

तो तिला सांगलीच्या एका डॉक्टरकडे घेऊन गेला. मी सोबत होतो. डॉक्टरांनी क्षय सांगितला. थुंकी तीनदा तपासली. तिन्ही वेळा जंतू मिळाले नाहीत. डॉक्टर म्हणाले, “मिळतील. क्षयच आहे.” नेमाण्णाने विचारले, “डाक्टरसायेब, जंतू बघायचं भिंग हाय तुमच्याकडं. धूळ बघायचं हाय का?” डॉक्टर सज्जन होते. ते हसले आणि त्याला कॉडलिव्हर ऑइल लिहून दिले. जैन घरात माशाचे तेल! बाहेर येऊन नेमाण्णाने ती चिठ्ठी दोनदा मला वाचायला लावली, अर्थ विचारला, आणि घडी घालून खिशात ठेवली. तिचे पुढे काय केले ते ठाऊक नाही. बाटली आणली नाही एवढे खरे.

पुढच्या सफाईला त्याने गिरणीत हट्ट धरला. लेप आधी पूर्ण भिजवायचा, मगच उतरवायचा. त्यामुळे बॉयलर दोन दिवस जास्त बंद राहिला. युद्धाच्या ऑर्डरी होत्या, साहेब संतापले. शिवाय बॉयलरघरातले दोन मदतनीस नेमाण्णाचे पाहून तोंडाला फडका बांधू लागले होते. साहेबांना त्यात संपाची सुरुवात दिसली. त्यांनी मला बोलावून लेखी अहवाल मागितला. हा माणूस कामगारांना भडकावतो काय? उत्तर ‘होय’ आले असते तर त्याची नोकरी आणि लाइनीतले घर, दोन्ही गेली असती.

मी लिहिले : ‘सदर इसम जैनधर्मीय असून जीवजंतूंची हिंसा टळावी म्हणून मुखास वस्त्र बांधतो व जागेवर पाणी शिंपडतो. कामगारांस चिथावणी दिल्याचे आढळत नाही.’

साहेब मोठ्याने हसले. म्हणाले, त्याचा धर्म त्याने पाळावा, बॉयलर मात्र वेळेवर सुरू करावा. बातमी संध्याकाळपर्यंत बॉयलरघरात पोहोचली. दुसऱ्या दिवशी दोन्ही मदतनिसांनी फडके सोडले. त्यांतला एक मला फाटकावर म्हणाला, “आमी काय जैन हाय व्हय? उगं सोंग कशाला?”

मी उपकार केला अशा समजुतीत होतो. नेमाण्णा सुटीच्या भोंग्यानंतर माझ्या खिडकीशी आला.

“तुमी लिवलंत?”

“हो.”

“नोकरी ऱ्हायली माजी,” तो म्हणाला. “गोष्ट मेली.”

चंपाक्काला हे कळले तेव्हा तिने मला घरी बोलावून चांगले सुनावले. “आवं, आमच्यात कोन तोंड बांधतंय? शेतकरी मानसं आमी. पानी गाळून पितो, दिस बुडायच्या आत जेवतो. तोंडाला फडकं बांधून हिंडनारं दुसरं मानूस दावा मला आमच्यात! तुमी शिकलेली मानसं, इचारायचं तरी हुतं.”

मी विचारले नव्हते. मला तसे खरेच वाटले होते. अज्ञानाने लिहिलेला अहवालही खोटाच असतो. सही करताना हात थरथरत नाही, इतकेच.

त्यानंतर वर्षभर नेमाण्णा कोणाशी फारसे बोलला नाही. पण चंपाक्का वाळत चालली, आणि जे त्याच्या बोलण्याने झाले नव्हते ते तिच्या दिसण्याने झाले. लाइनीतल्या बायका घाबरल्या. पाणक्या म्हणतो ते खरे असेल, चुलीतच काही तरी आहे, असे त्या आपसात कुजबुजू लागल्या. दिवाळी जवळ आली. घरे झाडायची, भिंती खरवडायच्या. बायकांनी ठरवले की या सणाला सगळ्या पांढऱ्या चुली फोडायच्या, कुटून ढीग करायचा आणि ओढ्यात टाकायचा.

रविवार होता. पहिल्या पहारेचा आवाज दत्तू जॉबरच्या घरातून आला. नेमाण्णा धावत सुटला. त्याला धावताना मी त्या एकाच दिवशी पाहिले. तो पोहोचेपर्यंत दत्तूची चूल फुटली होती आणि दारातून पांढरा धुरळा बाहेर येत होता.

“फोडू नका! फोडू नका गं, कुनी फोडू नका!”

दत्तू धूळ झटकीत बाहेर आला. विणकाम खात्यातला तो जॉबर, म्हणजे मुकादम. आवाज मोठा आणि माणसे जमवण्याची हौसही मोठी. “ऐका रं ह्याचं! परवापतूर म्हनत हुता, इख हाय. आज म्हंतोय ऱ्हाऊ द्या. तुज्या पोटात हाय तरी काय, पाणक्या?”

“पडून हाय तवर ती गप हाय. फोडली की उठती.”

“उठती? भूत हाय व्हय?”

माणसे हसली. शेजारच्या घराची सोनाबाई हातात पहार घेऊन दारातच उभी होती. तिने मर्यादेने विचारले, “आण्णा, वर्साचा सण हाय. घर झाडायचं न्हाई व्हय?”

“झाड. पर चुलीला हात लावू नगंस. वरनं ओली माती थाप, चांगली चार बोटं. नवी चूल भायेर सोप्यात घाल.”

“का म्हनून?”

याचे उत्तर त्याच्याकडे होते, पण ते दाखवता येण्यासारखे नव्हते. जमलेल्या प्रत्येक चेहऱ्यावर आता संशय होता, आणि तो मातीवर नव्हता, त्याच्यावर होता. दत्तू म्हणाला, “फोड गं सोने. हा गिरनीला माती परत न्हेऊन दिनार आसंल.” सोनाबाई वळली.

तेव्हा चंपाक्का आली. तिचे घर तेथून वीस पावलांवर होते. ती दोनदा भिंतीला धरून थांबली. सर्वांनी तिला येऊ दिले; त्या काळात तिच्याकडे पाहून लोक बाजूला होत.

“सोने, पहार खाली ठेव,” ती म्हणाली. “जिनं पोटाला घातलं तिला लोखंड लावतीस?”

“अक्का, पर समदी म्हंत्यात—”

“समदी काय म्हंत्यात? चूल कुनी शिकवली तुला? मी शिकवली न्हवं? मग आता ऱ्हायलेलं बी ऐक. ही चूल मोडायची नसती. निजवायची आसती.”

“निजवायची म्हंजे?”

“हळदकुकू लावायचं. वलं फडकं पांघरायचं. वरनं चिखलाचा थर द्यायचा, शेनानं सारवायचं. आन् एकदा निजवली की हालवायची न्हाई, खरवडायची न्हाई. तुज्या सुनंनं बी न्हाई, तिच्या सुनंनं बी न्हाई. उठवली तर घराला भवती.”

सोनाबाई म्हणाली, “आगं बया. आदी सांगायचं न्हाई व्हय अक्का!” आणि तिने पहार भिंतीला टेकवून ठेवली.

दोन दिवसांत लाइनीतल्या, दत्तूची सोडून, सर्व चुली निजवल्या गेल्या. काही घरांत तर नारळ फुटले. चिखल तुडवण्याचे काम नेमाण्णाने केले. तो घरोघर फिरून थराची जाडी बोटांनी मोजून पाही आणि कमी असेल तर काही न बोलता आणखी एक थर देई. दत्तूच्या घरातला चुरा त्याने भिजवून स्वतः गोळा केला. दत्तूने त्याला अडवले नाही. दत्तूची बायको मात्र हळूच विचारीत होती, फुटलेली चूल निजवता येते का.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी नेमाण्णाच्या सोप्यात बसलो होतो. नेमाण्णा हातपाय धुऊन आला आणि बहिणीसमोर उभा राहिला.

“खोटं बोललीस तू. आपल्यात आसलं काय न्हाई.”

“न्हाई.”

“खोटंच.”

“मग? तुजं खरं कोन ऐकत हुतं रं, तम्मा?” धाकट्या भावाला ती कानडीत तम्मा म्हणे.

तिने माती कुटलेल्या उखळाकडे त्याने पाहिले. मग म्हणाला, “उखळाचं काय करायचं?”

“टाक हिरीत.”

“हिरीत न्हाई. लोक पानी पित्यात.”

चंपाक्काने माझ्याकडे पाहिले आणि कपाळावर हात मारून घेतला. उखळ त्याने बाभळीआडच्या खड्ड्यात पुरले.

माघात चंपाक्का गेली. मृत्यूच्या दाखल्यावर ‘क्षय’ असे लिहिले आहे. नेमाण्णाचा संशय खरा होता की कसे, हे ठरवण्याचे साधन त्या वेळी आमच्यापैकी कोणाकडेही नव्हते. पुढे जाणत्या माणसांनी काय ठरवले ते आता सर्वांना ठाऊक आहे. त्याची उजळणी मी येथे करीत नाही.

युद्ध संपले. मी नोकरी सोडून साताऱ्यास परतलो आणि दोन खोल्या बांधल्या. लष्कराने मोडीत काढलेल्या बराकींचे सिमेंटचे पत्रे तेव्हा स्वस्तात मिळत; शेजारचे एक निवृत्त सुभेदार ते आणीत. त्यांतले काही मी स्वयंपाकघरावर घातले. त्यांत तीच बॉयलरची माती असते, हे मला माहीत नव्हते. एका दुपारी नेमाण्णा दारात उभा राहिला. कोणा घाणेवाल्याने बॉयलर पाहायला बोलावले होते, म्हणून तो साताऱ्यात आला होता. त्याने माझ्याआधी छपराकडे पाहिले.

“कवाचं पत्रं?”

“दोन वर्षे झाली. का?”

त्याने सांगितले. मी म्हणालो, “उद्याच काढून टाकतो.”

“काढू नका.” तो घराला फेरी घालून आला. छपराला त्याने हात लावला नाही, फक्त मान वर करून कोपरान् कोपरा पाहिला. “धड हाईत. एकाच कोपऱ्याला चीर हाय; भिजवून तिथं रंगाचा जाड हात द्या. भोक पाडू नका, घासू नका. शेवाळ आलं तरी खरवडू नका. ज्या दिशी फुटंल त्या दिशी भिजवून आख्खं उतरवा आन् पुरा. तवर खुशाल ऱ्हावा.”

दिवस कलला होता. माझ्या पत्नीने मुद्दाम लवकर पान वाढले. “आत या, आण्णा. सूर्य मावळायच्या आत जेवून घ्या.”

“हितंच द्या, वैनी. अंगणात.”

तिने पुन्हा आग्रह केला. तो उंबऱ्याकडेही आला नाही. माझ्यातला फाटकावरचा माणूस जागा झाला. मी म्हणालो, “नेमाण्णा, आम्हाला सांगता खुशाल राहा, आणि तुम्ही स्वतः त्याखाली येत नाही. खरे काय ते सांगा.”

त्याने माझ्याकडे पाहिले. त्या डोळ्यांत मला प्रथमच शंका दिसली नाही.

“तुमच्या पत्र्यावर संशय न्हाई, टैमकीपर. माज्यावर हाय. तीस वरीस अंगावर घेऊन हिंडलो. काय काय चिकटून ऱ्हायलंय, कुनाला ठावं? एका घरात न्हेलं. दुसऱ्या घरात न्ह्यायचं न्हाई.”

तो अंगणातच जेवला. ताट स्वतः घासले. निघताना माझ्या पत्नीला नमस्कार केला, मला केला नाही. आमच्यात तशी रीत नव्हती.

आमच्या दारापासून मोटारअड्ड्यापर्यंतचा रस्ता सगळा उताराचा आहे. तो दिसेनासा होईपर्यंत मी उभा होतो. उतारावर माणसाला दम लागत नाही. तो चार वेळा थांबला.